मी बघून आलोय

आज सकाळी पंचायतीच्या भोंग्यावर किसनमामा बोलले. उद्या जनावरांचे डॉक्टर येणार आहेत, बैल-म्हशी शाळेच्या मैदानावर आणाव्यात, असं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मी बघून आलोय." मी आधणात तांदूळ टाकत होते. हातातलं माप तसंच राहिलं. किसनमामांना जाऊन सहा महिने झालेत.

गावाला याचं काही वाटत नाही. बायका बादल्या घेऊन नळाकडे गेल्या, कोणी मान वर केली नाही. मला मात्र दिवसभर चैन पडलं नाही, म्हणून लिहायला बसले. मी शाळेत मुलांची खिचडी शिजवते. चौथीपर्यंत शिकले. मुलं वर्षअखेरीला अर्ध्या कोऱ्या वह्या टाकून जातात, त्यातल्या एकीत हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

येलदरीच्या धरणाखाली, पूर्णेच्या काठाला आमचं गाव. किसनमामा गावचे कोतवाल. तलाठ्याचे कागद पोचवायचे, साहेब आले की माणसं गोळा करायची आणि दवंडी द्यायची, हे त्यांचं काम. त्यांचा आजा हलगी वाजवून दवंडी द्यायचा. बापानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन दीक्षा घेतली आणि हलगी खुंटीवरून उतरवली ती कायमची. मामा नोकरीला लागले तेव्हा गावातले थोर लोक म्हणाले, हलगीशिवाय दवंडी कशी होईल? मामा म्हणाले, "हलगी बापानं ठिवली. मी सरकारी माणूस हाय, घंटी वाजवीन." शाळेची एक जुनी पितळी घंटा पडून होती, ती मागून घेतली. घंटा माझ्या स्वयंपाकखोलीच्या खिडकीत असायची. न्यायला आले की विचारायचे, "नेऊ का माय?" ठेवताना म्हणायचे, "ठिवली बरं का माय." घंटा काही माझी नव्हती. पण बारा वर्षं त्यांनी एकदाही विचारल्याशिवाय नेली नाही.

उंच, वाळलेला माणूस. डोक्याला पांढरा रुमाल, धोतर पोटरीच्या वर खोचलेलं आणि पाय बहुतेक ओले, कारण दिवसातून एकदा तरी नदीवर जाऊन यायचेच. बोलणं कमी. कोणी काही बातमी सांगायला लागलं की मामा एकच विचारायचे, "ऐकलं का बघितलं?" समोरचा म्हणाला, ऐकलं, तर मान हलवायचे आणि पुढं चालू लागायचे. थट्टाही करायची असली तर तीच. मला विचारायचे, "खिचडी झाली का माय?" मी म्हणायची, झाली. मग झाकण उचलून आत डोकावायचे आणि म्हणायचे, "आता झाली." एकदा कसल्याशा फॉर्मसाठी गुरुजींनी त्यांची जन्मतारीख विचारली. मामा म्हणाले, "एक जून लिवलीय कागदावर. मी व्हतो तिथं, पर म्या बघितलं न्हाई." गुरुजी पोट धरून हसले. मामांच्या तोंडावरची रेषा हलली नाही.

त्यांच्या दवंड्या दोन जातीच्या असायच्या. हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, गावात लहान पोरालाही माहीत होतं. जिंतूरहून फोन आला, की धरणातून पाणी सोडणार, तर मामा घंटा वाजवून सांगायचे, "तहसीलातून सांगितलंय, पाणी येणार हाय. मी बघितलं न्हाई." एवढ्यावर लोक नदीतल्या मोटारी वर ओढून ठेवायचे, जनावरं जवळ आणायचे. मग मामा स्वतः नदीवर जायचे. गावाच्या वरच्या अंगाला पात्रात एक काळा खडक आहे. बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा दिसतो, म्हणून त्याला म्हैसच म्हणतात. तिची पाठ पाण्याखाली गेली, की अर्ध्या घंट्यात खालची फरशी, म्हणजे नदीतला बुटका पूल, बुडते, आणि पलीकडच्या शेतांतून यायची तीच एक वाट. मामा तिथं उभे राहायचे. पाठ बुडाली की गावात येऊन पंचायतीच्या भोंग्यावर सांगायचे, कारण पलीकडच्या रानात भोंगाच ऐकू जातो. "म्हैस बुडली. फरशीवर पाय ठिवू नका. मी बघून आलोय."

या शेवटच्या तीन शब्दांवर गाव चालायचं. मग कोणी विचारत नसे. भाकरी तव्यावर सोडून माणसं नदीकडे धावायची. उगीच सांगितलं असं कधी झालं नाही, कारण पाणी आलं नाही तर मामाही भोंग्यावर येत नसत.

काही वर्षांखाली पोरं पळवणाऱ्या टोळीची हूल उठली होती. सगळ्यांच्या फोनवर तेच. एक चादरी विकणारा गावात आला. लोकांनी त्याला पारापाशी धरला, गठुडं सोडलं, दोघांच्या हातात काठ्याही आल्या. मी शाळेच्या जाळीतून बघत होते. मामा घंटा वाजवत त्या घोळक्यात शिरले. वाजवतच राहिले, इतकी की ओरडणं ऐकू येईना. मग थांबून म्हणाले, "कोणी बघितलं?" एकानं दुसऱ्याचं नाव घेतलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, तिसऱ्यानं फोन पुढं केला. फोनवर एक रडणारं लेकरू आणि मागं दुकानाची पाटी. मामांनी फोन गुरुजींच्या हातात दिला. "ही पाटी वाचा बरं." गुरुजींना वाचता येईना, लिपीच वेगळी होती. मामा म्हणाले, "ज्या गावची पाटी आपल्या गुरुजींला वाचता येत न्हाई, तिथल्या गुन्ह्यासाठी तुमी इथल्या पारावर माणूस मारायलात?" लोक पांगले. मामांनी त्याला चहा पाजला आणि एस.टी. येईपर्यंत फाट्यावर त्याच्यासोबत बसले. चहा पिऊन त्यानं गठुडं पुन्हा बांधलं, हे मी बघितलंय. तेव्हा गाव ऐकायचं.

मग मामांचे गुडघे गेले. पंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारी मनीषा आहे, आमच्याच गावची सून. शिकलेली, मनानं चांगली. तिच्याबद्दल मला वाईट लिहायचं नाही. ती म्हणाली, "मामा, सारखं पंचायतीत कशाला येता? तुमचा आवाज फोनला शिकवते. मी लिहीन, फोन भोंग्यावर तुमच्या आवाजात बोलेल." आवाज शिकवायला मामांना काहीतरी वाचायला हवं होतं. तिनं माझ्याकडून चौथीचं पुस्तक नेलं. मामांनी शाळेच्या ओट्यावर बसून दोन धडे वाचले, अक्षरावर बोट ठेवून. आणि वाचून झाल्यावर सवयीनं म्हणाले, "मी बघून आलोय." मनीषा हसली. तेही फोननं घेतलं.

पहिल्या दिवशी भोंगा बोलला तेव्हा सगळं गाव बाहेर आलं. हुबेहूब मामा. "उद्या सकाळी दहा वाजता लहान मुलांना डोस देण्यात येणार आहे. मी बघून आलोय." मामा माझ्या खिडकीपाशी उभे होते. त्यांनी वर भोंग्याकडे बघितलं.

"उद्याचं कोण बघून येतं गं माय?"

मनीषाला त्यांनी सांगितलं, तेवढं शेवटचं काढ. ती म्हणाली, "मामा, ते नसलं की लोकांना तुमचा आवाज वाटतच नाही." गावात कविता नावाची एक सून होती, तोंडानं फटकळ, हसरी. तिची मुलगी पहिलीत, माझ्याकडे दोनदा खिचडी घेणारी. कविता मामांना बघितलं की म्हणायची, "मामा, तुमची मज्जा हाय बाई! घरी घोरत पडा अन् दवंडी बी द्या." मामा म्हणायचे, "घोरताना बी बघून आलो म्हणतंय ते." ती खळखळून हसायची.

तो आवाज मग पंचायतीपुरता राहिला नाही. कसा ते मला कळत नाही, पण एका फोनवरून दुसऱ्यावर गेला. रेशनला साखर आली, मी बघून आलोय. बायका उन्हात तासभर उभ्या, दुकानाला कुलूप. बिबट्या आलाय, मी बघून आलोय. कोणी मामांना शिव्या दिल्या, कोणी हसलं. मामा घरोघर जाऊन सांगायचे, "ते मी न्हाई." लोक म्हणायचे, "बरं मामा, तुमी न्हाई." पण म्हणताना त्यांच्या तोंडावर जे असायचं ते मामांना दिसायचं.

मागच्या श्रावणात भर दुपारी भोंगा वाजला. येलदरीचे दरवाजे उघडले, चार वाजता पाणी गावात पोचेल, मी बघून आलोय. लोकांनी चिखलातून मोटारी ओढल्या, एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. पाणी आलंच नाही. मामा पंचायतीत गेले. मी तिथं पाण्याची घागर ठेवायला गेले होते, म्हणून हे ऐकलेलं नाही, समोर झालेलं आहे. मनीषा रडवेली झाली होती. "मामा, शप्पथ, मी एवढंच लिहिलं होतं की पाऊस जास्त आहे, नीट मजकूर करून दे. दरवाजे, चार वाजता, हे त्यानंच घातलं."

"त्याला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ते आपलं आपण जुळवतं."

मामा म्हणाले, "मला बोलू दे त्याच्याशी." तिनं फोन समोर धरला. मामांनी विचारलं, "येलदरीचं पाणी सोडलंय का?" फोन मोठ्या अदबीनं म्हणाला, हो, पाणी सोडण्यात आलं आहे. मामा म्हणाले, "न्हाई सोडलं." फोन म्हणाला, माफ करा, तुमचं बरोबर आहे, पाणी सोडलेलं नाही. मग मामा म्हणाले, "अरे, सोडलंय की." फोन म्हणाला, तुमचं बरोबर आहे, पाणी सोडलं आहे.

मामांनी फोन हातानं मागं सारला. "हे खोटं बोलत न्हाई पोरी," ते म्हणाले. "खोटं बोलणाऱ्याला खरं म्हाईत असतं. ह्यो निस्ता होयबा हाय. अन् ह्या होयबाला तू माझं तोंड दिलंस."

मनीषानं तेव्हापासून पाणी येणार असल्याची दवंडी फोनवर देणं बंद केलं. पण हे गावाला कोण सांगणार? सांगायचं तर भोंग्यावरूनच.

भादव्यात एके दिवशी चार-साडेचारच्या सुमाराला मी पातेली घासत होते. मामा पळत आलेले दिसले. गुडघे गेलेला माणूस पळत होता. धोतर मांडीपर्यंत भिजलेलं. पंचायत उघडी होती, मनीषा कामाला जिंतूरला गेलेली. त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं, माईक तोंडापाशी धरला. पंचायत शाळेच्या समोरच, मी स्वयंपाकखोलीच्या दारातून बघत होते. दम लागून त्यांच्या तोंडातून शब्द निघेना. "म्हैस... म्हैस बुडली..." मग खोकला. आवाज फाटलेला, चिरका. "फरशीवर... नका येऊ... मी बघून..." पुन्हा खोकला. मी तांब्या घेऊन धावले. पाणी न पिताच ते फरशीकडे पळाले.

पुढचं मी ऐकलेलं आहे, धुरपतामामीकडून. धुरपतामामी म्हणजे मामांच्या घरच्या. त्या दिवशी आठ-नऊ जणी पलीकडे खुरपायला गेल्या होत्या, मामी त्यांच्यात होत्या आणि कविताही. भोंगा ऐकून सगळ्या थांबल्या. इतके महिने त्यांनी मामांचा जो आवाज ऐकला होता तो शांत, गोल, न अडखळणारा. हा तसा नव्हता. कविता म्हणाली, "आज मशीन बी दमलं गं बाई!" सगळ्या हसल्या. एकीनं मामींना विचारलं, "धुरपताबाई, तुमचेच हाईत का ते?" मामींनी कान देऊन ऐकलं. चाळीस वर्षांचा संसार. त्या म्हणाल्या, "न्हाई गं. आमच्या घरचं माणूस असं बोलत न्हाई."

त्यांच्या शब्दावर सगळ्या फरशीवर उतरल्या. पाणी घोट्याएवढं होतं, पण चढत होतं. कविता सगळ्यांत मागं, डोक्यावर गवताचा भारा. बाकीच्या अलीकडे लागल्या तेव्हा मामा काठावर पोचत होते. भारा वाहत जाताना त्यांना दिसला.

कविता दुसऱ्या दिवशी सापडली, दोन कोस खाली.

चौकशीला साहेब आले. शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं, गाव मैदानात बसलं. साहेबांनी मामांना विचारलं, "त्या दिवशी भोंग्यावर तुम्ही बोललात की फोन?"

"मीच."

"कशावरून?"

मामांना प्रश्न कळला नाही. "कशावरून म्हंजी? मी व्हतो की तिथं."

मनीषानं खरं तेच सांगितलं. फोनवरून आपण काही पाठवलेलं नाही, फोन जे बोलतो त्याची त्यात नोंद राहते, त्या वेळची नोंद नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे फोन बोलला नाही. आणि बायका म्हणतात, मामा बोलले नाहीत. मग बोललं कोण?" फोन बोलला की त्याची नोंद राहते. माणूस बोलला की राहत नाही. मग त्यांनी मामांना तेच वाक्य बोलून दाखवायला सांगितलं. मामा उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि सावकाश म्हणाले, "म्हैस बुडली. फरशीवर पाय ठिवू नका. मी बघून आलोय."

मागून कोणीतरी म्हणालं, "आता कसं मशीनसारखं बोलले!"

दोघं-तिघं हसले.

मग धुरपतामामींना विचारलं. मामा त्यांच्याकडे बघत नव्हते. त्या हो म्हणाल्या असत्या तर मामा सुटले असते, पण मामांच्या घरात चाळीस वर्षं राहिलेली बाई ती. "मला तवा त्यांचा आवाज वाटला न्हाई साहेब," एवढंच म्हणाल्या.

साहेबांनी विचारलं, त्यांना माईकवर बोलताना कोणी बघितलं का? मी स्वयंपाकखोलीच्या दारात पदर तोंडावर धरून उभी होते. एवढ्या माणसांत मी आजवर बोललेली नाही. मी मनात वाक्य जुळवलं, दोनदा जुळवलं. तोवर साहेबांनी पान उलटलं. पूर्वसूचना दिल्याचे सिद्ध होत नाही, असं त्या कागदावर आलं आणि मामांचं काम गेलं.

त्याच संध्याकाळी ते घंटा परत द्यायला आले. या खेपेला "ठिवली बरं का माय" म्हणाले नाहीत. खिडकीत घंटा ठेवून विचारलं, "तू पानी घिऊन आली व्हतीस न्हवं?"

मी म्हटलं, "हो मामा. मी बघितलं तुम्हाला."

"मंग मी बोललो व्हतो?"

मला आधी वाटलं, ते मला दोष देतायत. पण त्यांच्या डोळ्यांत दोष नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. मी म्हटलं, "बोललात मामा." ते म्हणाले, "सगळे न्हाई म्हणायलेत. ही बी न्हाई म्हणायली. मला बी कधी कधी वाटतं, मी नुसतं खोकलो असंन." मग जाता जाता म्हणाले, "सरळ फरशीवर गेलो असतो तर बरं झालं असतं. भोंग्यावर इस्वास ठिवला."

त्यानंतर घरात दोघंही फार बोलत नसत म्हणे. हे ऐकलेलं आहे. मामा शाळेच्या ओट्यावर येऊन बसायचे. कविताची मुलगी जेवायला बसली की उठून मागच्या बाजूला जायचे, हे बघितलेलं. थंडीत ताप आला आणि आठ दिवसांत गेले.

शेवटचं मी त्यांना बघितलं ते ताप यायच्या आधी, एका दुपारी. ओट्यावर बसले होते. भोंगा सुरू झाला. पंचायतीला काम अडायला नको म्हणून इतर दवंड्या त्या आवाजात चालूच होत्या, वाट सुरू झाल्याची ही त्यांतच धरलेली. "नदीला पाणी कमी झालं आहे. फरशीची वाट सुरू झाली आहे. मी बघून आलोय." मामांनी मान वर केली. बराच वेळ भोंग्याकडे बघत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि नदीकडे चालायला लागले. मी हाक मारली नाही.

तासाभरानं परत आले. ओट्याच्या पायऱ्या चढून माझ्या खिडकीपाशी थांबले. काहीतरी सांगायचं होतं, तोंड उघडलंही. मग घंटेकडे बघितलं, तोंड मिटलं आणि घराकडे निघाले.

ओट्याच्या दगडांवर त्यांची ओली पावलं उमटली होती, पायरीपासून खिडकीपर्यंत आणि परत. कोणालातरी बोलावून दाखवावी असं मला वाटलं. दुपारचं ऊन होतं. मी दारापर्यंत जाईतो ती वाळली.